व्यक्तिमत्त्व चाचणीचा अहवाल हाती आला, आता पुढे काय?

दहावीचे निकाल आणि कंपन्यांच्या भरतीचा हंगाम जवळ आला की वाचकांचे प्रश्न ठरलेल्या वळणाने येतात. ‘मुलीच्या अहवालात अंतर्मुख असं आलंय, मग तिने वकिली करू नये का?’ ‘नोकरीच्या परीक्षेत स्वभावावर लांबलचक प्रश्नावली होती, त्यातली बरोबर उत्तरं कोणती?’ ‘बोटांचे ठसे घेऊन मुलाचा स्वभाव सांगतात, काही हजार रुपये मागतायत, करून घ्यावं का?’ ‘मोबाइलवरच्या चाचणीत दर वेळी माझा प्रकार बदलतो, नेमका खरा कोणता?’

विचारणारे वेगवेगळे, पण घोटाळा बहुतेकांचा एकच. चाचणी आधी दिली जाते आणि ती कशासाठी दिली, हे अहवाल आल्यावर शोधले जाते. हा क्रम उलटा केलात तर पैसेही वाचतील आणि मनस्तापही.

आधी ठरवा: तुम्हाला नेमके काय जाणून घ्यायचे आहे?

‘टेस्ट करून घेतली’ या तीन शब्दांमागे निदान चार वेगळ्या गोष्टी असू शकतात.

- कल: मुलाला काय करायला आवडते. राज्यात 2016 पासून काही वर्षे दहावीच्या विद्यार्थ्यांची जी कलचाचणी झाली ती मुळात या जातीची होती. अभिक्षमतेची जोड तिला नंतर मिळाली.
- अभिक्षमता: आकडेमोड, भाषा, अवकाशाची जाण, यांत्रिक समज यांपैकी काय लवकर जमेल. इथे उत्तरे बरोबर किंवा चूक असतात.
- व्यक्तिमत्त्व: माणूस एरवी कसा वागतो, कशाने अस्वस्थ होतो, लोकांत कसा मिसळतो. इथे बरोबर-चूक काहीच नसते.
- निदान: मानसिक त्रास आहे का आणि कोणता. हे काम दवाखान्यातले, करिअर मार्गदर्शकाचे नव्हे.

शाखा निवडायची असेल तर पहिल्या दोन गोष्टींचा उपयोग अधिक. व्यक्तिमत्त्वाची चाचणी तिथे पूरक माहिती देते, त्याहून जास्त काही नाही. मुलाला गणित जमत नसेल तर त्याचा शिस्तप्रिय स्वभाव त्याला अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षातून पार नेईलच असे नाही. नावडत्या विषयातही चिकाटीने गुण मिळवणारी मुले असतात, हेही खरे.

स्वभाव मोजतात म्हणजे काय करतात?

निर्णयापुरते लागेल तेवढेच सांगतो. 1936 साली गॉर्डन ऑलपोर्ट आणि हेन्री ऑडबर्ट या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी इंग्रजीचा जाडजूड शब्दकोश चाळून माणसाच्या वागण्या-असण्याचे वर्णन करणारे सुमारे 18,000 शब्द वेचले. हे शब्द गाळत, एकसारखे गटात घालत आणि हजारो लोकांना त्यांवरून प्रश्न विचारत पुढची पाच दशके काम चालले. त्यातून पाच मोठे घटक पुन्हा पुन्हा वर आले:

- नव्या अनुभवांविषयी मोकळेपणा
- कामातली शिस्त आणि जबाबदारी
- बहिर्मुखता
- इतरांशी सलोख्याने वागण्याची वृत्ती
- भावनिक अस्थिरता, म्हणजे चिंता, चिडचिड, उदासी किती चटकन येते ते

आज संशोधनात सर्वाधिक वापर याच पंचघटकी मांडणीचा होतो. काही संशोधक प्रामाणिकपणा आणि नम्रता हा सहावा घटक धरतात. तुमच्या कामाचा मुद्दा असा की यातला प्रत्येक घटक ही एक पट्टी आहे. तिच्या दोन टोकांना थोडे लोक असतात, बहुतेक सगळे मधल्या भागात. ‘तुम्ही अंतर्मुख आहात की बहिर्मुख?’ या प्रश्नाचे खरे उत्तर बहुतेकांच्या बाबतीत ‘मधलेच कुठेतरी’ असे असते, आणि असे उत्तर विकले जात नाही.

मोजण्याच्या रीतीही वेगवेगळ्या आहेत. सगळ्यात रुळलेली रीत म्हणजे स्वतः भरायची प्रश्नावली. पॉल कोस्टा आणि रॉबर्ट मॅक्रे यांची 1992 ची ‘निओ’ प्रश्नावली 240 विधानांची आहे. रेमंड कॅटल यांची ‘सिक्स्टीन पीएफ’ त्याहून जुनी, 1949 ची. दुसरी रीत म्हणजे तुम्हाला नीट ओळखणाऱ्या माणसाकडून तीच प्रश्नावली भरून घेणे. ही फारशी वापरली जात नाही, पण माझ्या मते घरच्या घरी सर्वांत उपयोगी तीच. तिसरी रीत चित्रे किंवा शाईचे डाग दाखवून मनातले काढून घेण्याची. ती चालवायला जाणकार हात लागतो आणि तिच्या विश्वसनीयतेवर मानसशास्त्रज्ञांतच वाद आहे.

चार अक्षरी ‘प्रकार’ सांगणाऱ्या चाचण्या

‘मी आयएनएफजे आहे’ असे तरुण मुले हल्ली राशीच्या जागी सांगतात. ही चाचणी म्हणजे एमबीटीआय. कार्ल युंग यांच्या 1921 च्या ग्रंथावरून कॅथरीन ब्रिग्ज आणि इसाबेल मायर्स या मायलेकींनी ती घडवली. दोघींपैकी कोणीही मानसशास्त्राचे रीतसर शिक्षण घेतलेले नव्हते. त्यात माणसांचे 16 प्रकार केले आहेत.

अडचण खोक्यांची आहे. पट्टीच्या मधोमध रेघ मारली की रेघेच्या अलीकडचा आणि पलीकडचा माणूस एकमेकांसारखे असूनही वेगळ्या खोक्यात जातात. आणि बहुतेक लोक तर रेघेच्या आसपासच असतात. म्हणून काही आठवड्यांनी चाचणी पुन्हा दिली की बऱ्याच जणांचे एखादे तरी अक्षर बदलते. एका तासात तीन वेगळी वजने दाखवणारा काटा आपण दुकानदाराला परत करतो. इथे मात्र ‘माझ्यातच बदल होतोय’ असे समजून घेतो.

मित्रमंडळीत किंवा कार्यशाळेत बोलणे सुरू करायला ही चाचणी चांगली आहे. नोकरीसाठी माणूस निवडायला ती वापरू नये, असे तिची प्रकाशक कंपनी स्वतःच सांगते. तुमच्या कंपनीचा एचआर विभाग ती भरतीत वापरत असेल तर हे नम्रपणे त्यांच्या कानावर घालायला हरकत नाही. लग्न जुळवताना ‘टाइप जुळतो का’ हे पाहण्यात तर काहीच अर्थ नाही.

बोटांचे ठसे आणि हस्ताक्षर

इथे मी हातचे राखून लिहिणार नाही: पैसे देऊ नका.

शाळांच्या सभागृहात, कधी शाळेच्याच परवानगीने, डीएमआयटी नावाने बोटांच्या ठशांची चाचणी विकली जाते. दहा बोटे स्कॅन होतात आणि काही दिवसांनी मुलाची ‘जन्मजात’ बुद्धिमत्ता, स्वभाव, शिकण्याची पद्धत आणि योग्य करिअर सांगणारा रंगीत गुळगुळीत अहवाल मिळतो. बोटांवरच्या रेषांचा अभ्यास हे खरे शास्त्र आहे. त्या रेषा गर्भातच घडतात आणि काही आनुवंशिक विकारांच्या अभ्यासात त्यांचा उपयोगही होतो. पण त्यांवरून मुलाचा स्वभाव किंवा त्याने कोणती शाखा घ्यावी हे कळते, याला पुरावा नाही. इंडियन सायकिअॅट्रिक सोसायटी या मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेनेही या चाचणीला शास्त्रीय आधार नसल्याचे जाहीर केले आहे. ज्यांच्या बहुविध बुद्धिमत्तेच्या सिद्धांताचे नाव या अहवालांवर छापलेले असते, त्या हॉवर्ड गार्डनर यांचाही याला पाठिंबा नाही. हस्ताक्षरावरून स्वभाव सांगण्याची कथाही फारशी वेगळी नाही.

‘पण आमच्या मुलाचं अगदी तंतोतंत लिहिलंय हो!’ हे उत्तर ठरलेले. त्याचे कारण अमेरिकेतल्या बर्ट्रम फोरर यांनी 1948 मध्ये आपल्या 39 विद्यार्थ्यांवर दाखवून दिले. त्यांनी सर्वांची व्यक्तिमत्त्व चाचणी घेतली आणि प्रत्येकाला ‘फक्त तुमचा’ म्हणून अहवाल दिला. विद्यार्थ्यांनी अचूकतेला 5 पैकी सरासरी 4.26 गुण दिले. अहवाल सर्वांना एकच दिलेला होता आणि त्यातली वाक्ये बाजारात मिळणाऱ्या ज्योतिषाच्या पुस्तकातून उचललेली होती.

हा प्रयोग घरी करून पाहा. दोन भावंडांचे किंवा शेजारच्या मुलाचा आणि आपल्या मुलाचा असे दोन अहवाल घ्या, नावे झाका आणि आजी-आजोबांना ओळखायला सांगा. ओळखता आले नाहीत, तर तुम्ही विकत घेतले ते वर्णन कोणालाही बसणारे होते.

पैसे देण्याआधी हे विचारा

1. चाचणीचे नाव काय, कोणाची, कोणत्या साली सुधारलेली? ‘आमची स्वतःची सायंटिफिक टेस्ट’ हे उत्तर पुरेसे नाही.
2. मानके कोणत्या गटाची आहेत? तुमच्या मुलाच्या गुणांची तुलना कोणाशी होणार? बीडच्या पंधरा वर्षांच्या मुलीची तुलना अमेरिकी प्रौढांशी झाली तर आकडा छापून येईल, अर्थ मात्र लागणार नाही.
3. मराठी आवृत्ती आहे का, आणि ती तपासलेली आहे का? नुसते भाषांतर चालत नाही. मराठी प्रश्नावली मराठी मुलांच्या मोठ्या गटाला देऊन तिची मानके नव्याने काढावी लागतात. मुलगा मराठी माध्यमाचा असताना इंग्रजी प्रश्नावली दिली तर स्वभावाऐवजी इंग्रजीच मोजले जाते.
4. अर्थ कोण लावणार? त्या व्यक्तीची मानसशास्त्रातली पदवी विचारा. दोन दिवसांच्या प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र भिंतीवर असेल तर उठून या.
5. अहवालानंतर समोरासमोर बोलणे आहे का? नसेल तर चाचणीचा निम्मा उपयोग गेला.

मराठीतून रीतसर काम करणाऱ्या संस्था आपल्याकडे आहेत. पुण्यात ज्ञानप्रबोधिनीची प्रज्ञा मानस संशोधिका आहे, ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी उभारलेली आयपीएच आहे. गाव लांब असेल तर जवळच्या विद्यापीठाच्या किंवा महाविद्यालयाच्या मानसशास्त्र विभागात चौकशी करा. अनेक ठिकाणी समुपदेशनाची सोय असते.

नुसती उत्सुकता असेल तर खर्चही नको. लुइस गोल्डबर्ग यांनी सुरू केलेल्या ‘इंटरनॅशनल पर्सनॅलिटी आयटम पूल’ या मुक्त प्रश्नसंग्रहावर आधारलेल्या 120 आणि 300 प्रश्नांच्या प्रश्नावल्या इंग्रजीत फुकट भरता येतात.

उत्तरे देताना

- थकलेले, आजारी किंवा नुकतेच भांडून आलेले असाल तर वेळ बदलून घ्या.
- मूल उत्तरे देत असताना पालकांनी खोलीबाहेर थांबावे. ‘अरे, तू असा नाहीस’ हे एक वाक्य अख्खी चाचणी वाया घालवते.
- आपण कसे असावे ते लिहू नका, गेल्या काही महिन्यांत कसे वागलात ते लिहा.
- छाप पाडायला जाऊ नका. ‘मी आयुष्यात कधीही खोटं बोललो नाही’ अशी विधाने काही चाचण्यांत मुद्दाम पेरलेली असतात, आणि एकच गोष्ट शब्द फिरवून दोनदा विचारलेली असते. साधुसंतांसारखी उत्तरे दिलीत तर अहवालात त्याचीच नोंद होते.

नोकरीच्या चाचणीबद्दल थोडे वेगळे. तिथे कंपनीच्या डोक्यात एक साचा असतो, हे खरे. पण पाच घटकांपैकी कामगिरीशी सर्वांत सातत्याने जोडला गेलेला घटक, म्हणजे शिस्त आणि जबाबदारी, त्याचाही हा संबंध सुमारे 0.2 च भरतो. पूर्ण संबंध असता तर तो 1 असता. केवळ स्वभावाच्या चाचणीवर माणूस नाकारणे हा कंपनीचा तोटा आहे. तुम्ही नाकारले गेलात तर तो तुमच्या कुवतीवरचा निकाल समजू नका.

अहवाल कसा वाचायचा

सर्वांत जास्त गोंधळ इथे होतो, म्हणून सावकाश वाचा.

पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हे. सीईटीमुळे हा शब्द पालकांना ओळखीचा झाला आहे, तरी स्वभावाच्या अहवालात तो दिसला की दचकायला होते. ‘बहिर्मुखता 30 पर्सेंटाइल’ याचा अर्थ मुलगी नापास झाली असा नाही. तुलनेच्या गटातल्या 100 पैकी साधारण 30 जणांपेक्षा तिने स्वतःला जास्त बहिर्मुख सांगितले, एवढाच तो अर्थ. काही अहवालांत टी-गुण असतात. त्यांत 50 ही सरासरी आणि 40 ते 60 हा सर्वसाधारण पट्टा. साधारण दोनतृतीयांश लोक त्यातच बसतात.

एका आकड्याऐवजी पट्टा पाहा. कोणतीही प्रश्नावली तंतोतंत नसते. 47 आणि 52 या दोन गुणांत ‘फरक’ शोधत बसू नका. चांगला अहवाल आकड्याच्या दोन्ही बाजूंना चुकीची मर्यादा दाखवतो.

कमी म्हणजे वाईट नाही. सलोख्याची वृत्ती कमी असलेला माणूस घासाघीस चांगली करतो. बहिर्मुखता कमी असलेली मुलगी वकील नक्की होऊ शकते. वकिलीत कागद वाचणे, मसुदा करणे, संशोधन करणे हेच काम किती असते, हे कोणत्याही वकिलाला विचारा. भावनिक अस्थिरता जास्त आली म्हणजे आजार आहे असेही नाही. मात्र त्यासोबत झोप, भूक, अभ्यास बिघडलेला असेल तर तज्ज्ञाला भेटा. ती भेट आकड्यासाठी नसून त्या त्रासासाठी असेल.

वय लक्षात घ्या. काही वर्षांच्या अंतराने तीच माणसे मोजली तर त्यांचा एकमेकांच्या तुलनेतला क्रम कितपत टिकतो, हे संशोधकांनी पाहिले आहे. हा आकडा लहानपणी 0.3 च्या आसपास असतो, कॉलेजच्या वयात 0.5 च्या थोडा वर, तिशीत 0.6 च्या पुढे आणि पन्नाशीनंतर 0.7 च्या वर जातो. वय वाढते तशी सरासरीने शिस्त वाढते आणि भावनिक चढउतार कमी होतात. पंधराव्या वर्षीच्या अहवालाला जन्मभराचे ओळखपत्र समजू नका. दोन-तीन वर्षांपूर्वीचा अहवाल पुढच्या निर्णयाला वापरूच नका.

मुलासमोर काय बोलाल? ‘तू अंतर्मुख आहेस’ असे न म्हणता ‘तुला गर्दीत थकायला होतं असं तू लिहिलंयस, बरोबर का?’ असे विचारा. पहिल्या वाक्याने शिक्का बसतो, दुसऱ्याने मूल बोलते होते.

एनडीएची तयारी करणाऱ्यांसाठी

एनडीएत लेखी परीक्षेला 900 आणि एसएसबी, म्हणजे सैन्यदलांच्या निवड मंडळाच्या, मुलाखतीला 900 गुण असतात, म्हणून धास्ती समजू शकतो. एसएसबीत मानसशास्त्रज्ञांच्या चाचण्या अशा: चित्र 30 सेकंद पाहून 4 मिनिटांत गोष्ट लिहायची, अशी 11 चित्रे आणि एक कोरा कागद; 60 शब्द, प्रत्येकी 15 सेकंद; 60 प्रसंग, सगळ्यांना मिळून 30 मिनिटे; आणि शेवटी 15 मिनिटांत स्वतःचे वर्णन. हा वेग मुद्दाम ठेवलेला आहे, विचार करून मुखवटा चढवायला वेळ मिळू नये म्हणून.

शिकवणीतल्या पाठ गोष्टी इथे अंगाशी येतात. लेखी चाचण्या, मैदानावरची गटकामे आणि मुलाखत या तिन्हींचा मेळ घातला जातो, आणि कागदावरचा वीर मैदानात गप्प राहिला तर विसंगती उघडी पडते. सराव वेगाचा करा, मजकुराचा नको. छत्रपती संभाजीनगरला राज्य सरकारची सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था, म्हणजेच एसपीआय, 1977 पासून आहे; मुलांनी तिच्या प्रवेशपरीक्षेची चौकशी वेळेत करावी.

जाता जाता: यूपीएससीच्या नागरी सेवा परीक्षेतली 275 गुणांची ‘पर्सनॅलिटी टेस्ट’ नावाने काहीही असली तरी ती मुलाखत आहे. तिच्यासाठी कोणी ‘व्यक्तिमत्त्व प्रकार’ काढून देत असेल तर दुर्लक्ष करा.

डॉक्टरांनी चाचणी सांगितली तर

एमएमपीआय किंवा शाईच्या डागांची रोर्शाक चाचणी सुचवली म्हणून घाबरू नका. हा निदानाचा एक भाग आहे, पुराव्यातला एक कागद. चाचणी घेणाऱ्या चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञाची भारतीय पुनर्वास परिषदेकडची नोंदणी विचारा. तो प्रश्न उद्धटपणाचा नाही. जाण्याआधी इंटरनेटवर रोर्शाकची दहा चित्रे आणि त्यांची ‘उत्तरे’ पाहू नका, नाहीतर चाचणीचा उपयोग राहत नाही.

तुमचे हक्क

- चाचणी का, कोणती आणि निकाल कोणाला मिळणार हे आधी विचारण्याचा हक्क तुम्हाला आहे. शाळेने परस्पर चाचणी ठरवली असेल तर लेखी नकार द्या. खासगी नोकरीत नकार दिला तर अर्ज पुढे जाईलच असे नाही, पण निकाल कुठे वापरणार हे विचारता येते.
- मानसिक उपचार घेत असाल तर मानसिक आरोग्यसेवा कायदा, 2017 नुसार तुमची माहिती गोपनीय ठेवणे बंधनकारक आहे आणि स्वतःच्या वैद्यकीय नोंदी पाहण्याचा हक्क तुम्हाला आहे.
- डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा, 2023 मध्ये संमती मागे घेणे, माहिती दुरुस्त करून घेणे आणि पुसून घेणे हे हक्क आहेत. 18 वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते. या कायद्याची अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने होत आहे, म्हणून तोवर संमतीपत्रावर काय सही करता ते स्वतः वाचा. बोटांचे ठसे ही तर बदलता न येणारी माहिती आहे.
- ‘100 टक्के अचूक’ अशी जाहिरात करून पैसे घेतले असतील तर पावती आणि जाहिरातीचा फोटो जपून ठेवा आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर तक्रार करा.

आणि घरात एखादा जुना अहवाल पडून असेल, त्यावर चाचणीचे नाव, तुलनेचा गट आणि अर्थ लावणाऱ्याची पदवी यांपैकी काहीच नसेल, तर मुलाची शाखा ठरवताना तो बाजूला ठेवा.